दोन सुताचा ढाळ

"केस किती लांब हाय तुमचे?"

खोली बघायला आलेल्या एकट्या बाईला घरमालकानं पहिलाच प्रश्न हा विचारला तर तिनं काय समजावं? माझ्या डोक्यात तिडीक गेली. सकाळपासून भंडाऱ्यात तीन घरं पाहून झाली होती. तिन्ही ठिकाणी खोली रिकामी होती, हवेशीर होती, "आपलंच घर समजा" होतं. मी आडनाव सांगितलं की तिन्ही ठिकाणी अचानक नागपूरहून कुणाचा तरी पुतण्या राहायला येणार असायचा. एवढे पुतणे खरंच आले असते तर भंडाऱ्यात पाय ठेवायला जागा उरली नसती. त्यामुळे चौथ्या घरी मी भांडायच्या तयारीनंच गेले होते.

"आडनाव नाही विचारत का?" मी म्हटलं.

"आडनावानं ट्रॅप चोक होत नाही," ते म्हणाले. "केसानं होते. सांगा ना जी, किती लांब?"

मी वेणी पुढे ओढून दाखवली. तेव्हा ती कमरेच्या खाली जायची. त्या माणसाच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की मला वाटलं, हा एकतर वेडा आहे, नाहीतर फार चांगला आहे. पुढच्या तीन वर्षांत कळलं, दोन्ही आहे.

"जमलं," ते म्हणाले. "पह्यलेचे भाडेकरी टकले होते. वर्सभर काईच टेस्टिंग झाली नाही."

भाडं ठरलं आणि वर एक अट आली. दर रविवारी कंगव्यात निघालेले केस कागदात बांधून खाली आणून द्यायचे. मी बसस्टँडजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होते. लोकांचं रक्त, लघवी, थुंकी तपासण्यात माझा दिवस जायचा, तेव्हा केसांचं मला काय वाटणार? मी हो म्हटलं.

गल्लीत सगळे त्यांना काकाजी म्हणायचे, मीही म्हणू लागले. जवाहरनगरच्या फॅक्टरीत जन्मभर टर्नर म्हणून काम करून ते रिटायर झाले होते. उंच, हडकुळे, खाकी हाफपँट, वर बाह्यांची बनियन, कानावर पेन्सिल. अंगणात कंपाउंडच्या भिंतीला लागून लोखंडी अँगलवर सात वॉशबेसिनं ओळीनं बसवलेली होती. नवा माणूस आत येऊन विचारायचा, "इथं मंगल कार्यालय हाय का जी?" काकाजी त्याच्यावर रागवायचे नाहीत. त्याला हात धुवायला लावायचे आणि कोणत्या बेसिनचं पाणी लवकर गेलं ते विचारायचे.

त्या सात बेसिनांना सात तऱ्हेच्या जाळ्या होत्या, त्यांनी स्वतः घरच्या छोट्या लेथवर घडवलेल्या. बाजारातली जाळी सपाट असते नाहीतर मधे खोलगट. काकाजींचं म्हणणं असं की तिथंच सगळी चूक आहे. केस, भाताची शितं, साबणाचा चुरा सगळं मधे गोळा होतं आणि भोकाच्या तोंडावर बसतं. त्यांची जाळी उलटी होती, मधे फुगलेली, पालथ्या वाटीसारखी. कचरा वर अडकायचा आणि पाणी बाजूच्या फटींतून खाली जायचं. वर एक कडी, तिच्यात बोट घालून जाळी उचलली की कचरा हाती. एवढीच गोष्ट. पण फट केवढी ठेवायची यावर त्यांनी किती महिने घालवले ते मला विचारा. माझे केस, साबणाचं पाणी आणि मूठभर तांदूळ, कधी चिन्नोर तर कधी एचएमटी, बेसिनमध्ये टाकायचे आणि छातीवर लटकवलेलं स्टॉपवॉच दाबायचं.

"चिन्नोर निघून गेला," ते ओरडायचे. "एचएमटी अडकला! फट दोन पॉइंटनं वाढवा लागते."

"तो तांदूळ खायचा हाय," आतून काकूंचा आवाज यायचा. "बेसिनले जेवू घालू नका."

काकाजींचं एक वाक्य ठरलेलं होतं. घरी आलेल्या प्रत्येकाला ते ऐकावं लागायचं. "पानी आलं का हे सारेच इचारतात. गेलं का हे कोनीच इचारत नाही." सकाळी नळ आला की सगळी गल्ली बादल्या घेऊन धावते, नळ नाही आला तर मोर्चा काढते, पण मोरी तुंबली तर त्यात काडी खुपसून गप्प बसते, याचा त्यांना मनापासून राग होता. दुसरा अभिमानाचा विषय म्हणजे न्हाणी ट्रॅप. बाथरूमच्या जमिनीत जाळीखाली बसवतात त्या ट्रॅपला अख्ख्या देशातले प्लंबर न्हाणी ट्रॅप म्हणतात, पंजाबातले असोत की मद्रासचे. "आपल्या आजीचा शब्द हाय तो," ते छाती ठोकून सांगायचे. "न्हानी! साऱ्या हिंदुस्थानच्या तोंडी बसला. आन आपल्या पोराईले बाथरूम पाहिजे."

लग्नाला जावं तर काकाजींच्या सोबत जाऊ नये. आंधळगावला एका लग्नात मी ही चूक केली. वधूवरांकडे न बघता ते थेट हात धुवायच्या जागी गेले. बेसिनमध्ये पाणी साचलं होतं. झोळीतून पाना निघाला, आणि मी "काकाजी, नका ना" म्हणेपर्यंत बेसिनखालची ट्रॅपची बाटली उघडून हातात आली होती. आत काय काय होतं ते सांगत नाही, लोक जेवत होते. तेवढ्यात नवरदेवाचा भाऊ आला आणि वरून घाईघाईनं हात धुऊ लागला. पाणी सरळ त्याच्या नव्या मोजडीवर. तो खाली बघतो तर एक म्हातारा बेसिनखाली उकिडवा बसलेला. "काय करून राहिले जी तुमी?" तो किंचाळला. काकाजी वर न बघता म्हणाले, "तुमच्या घरचं काम करून राहिलो. धुवा, धुवा." जेवणं होईपर्यंत बेसिन खळखळून वाहायला लागलं होतं. नवरदेवाच्या बापानं काकाजींना आग्रह करून दोनदा बुंदी वाढली. भावानं मात्र शेवटपर्यंत आमच्याकडे पाहिलं नाही.

केसांच्या पुडीनंही एकदा घोटाळा केलाच. शेजारच्या बाईनं दोन-तीन रविवार मला पुडी देताना पाहिलं आणि एके दिवशी गेटपाशी मला धरलं. "बाई, केस कोनाच्या हाती देऊ नये. करनी करते मानूस." मी तिला म्हटलं, "करणीच करतात ते, पण माझ्यावर नाही, गटारावर." ती आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. आता मी गोंदियाला राहते, केस खांद्यापर्यंत आलेत. काकाजींचा फोन आला की अजूनही तब्येतीच्या आधी केसांची चौकशी होते. कापले म्हणून सांगितलं तेव्हा किती इंच कापले ते त्यांनी दोनदा विचारलं होतं.

आणखी एक सवय सांगायची राहिली, आणि पुढचं सगळं तिच्यावरच आहे. काकाजींच्या खिशात कायम एक छोटी पाणसळ असायची. मिस्त्री वापरतात ती, काचेच्या नळीत पाणी आणि पाण्यात हवेचा बुडबुडा. बुडबुडा दोन रेघांच्या मधोमध आला की समजायचं, जागा सपाट आहे. टर्नरचा हात तो. केसाच्या शंभराव्या भागाचा फरक चालत नाही म्हणायचे. घरातला पलंग, टेबल, गॅसची शेगडी, भिंतीवरचं घड्याळ, सगळं पाणसळीनं लावलेलं. मी राहायला आले त्या दिवशी माझ्या खाटेवर पाणसळ ठेवून त्यांनी एका पायाखाली घडी केलेला कागद सारला. "आता झोप लागन," म्हणाले. आणि खोटं कशाला बोलू, लागली.

काकू मात्र त्या सपाट घरात वाकड्या चालायच्या. मी यायच्या वर्षभर आधी त्या न्हाणीत पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं, आत रॉड घातला, आणि तेव्हापासून हातात वॉकर आला. "चप्पल सटकली," त्या कुणालाही सांगायच्या. घरात त्या फिरायच्या, बसून भाजी चिरायच्या, काकाजींना टोमणे मारायच्या, सगळं करायच्या. फक्त न्हाणीत एकट्या जात नव्हत्या. जमिनीवर पाणी दिसलं की त्यांचे पाय थरथरायला लागायचे. रोज सकाळी एक बाई यायची, त्यांना स्टुलावर बसवायची, दार उघडं ठेवून, तांब्यानं पाणी घालायची.

आमच्याकडे आंघोळ करत नाहीत, आंग धुतात. मी एकदा सहज विचारलं, "काकू, आंग धुतलं का?" तर त्या म्हणाल्या, "मी कुठं धुतो आता, बाई. माह्यं आंग धुतल्या जाते. भांडं धुतल्या जाते ना, तसं."

हसत म्हणाल्या, पण मला ते लागलं. बाई वाईट नव्हती हो. पण तिला अजून चार घरं असायची, तिच्या हाताला घाई असायची. काकूंना फक्त एवढंच हवं होतं, की दार लावून, आतून कडी घालून, आपल्या हातानं आपलं आंग धुवावं. याच्यापेक्षा जास्त त्यांनी काही मागितलेलं मी ऐकलं नाही.

काकाजींना ते माहीत होतं. त्यांची सगळी खटपट त्यासाठीच चालली होती, हे मला हळूहळू कळलं. वाकावं लागू नये म्हणून जाळीला उंच कडी. साबणाच्या हातानं फिरवावा लागू नये म्हणून कोपरानं दाबायचा नळ. दाबला की पाणी, सोडला की आपोआप बंद. सायकलच्या ब्रेकचा दांडा, एक स्प्रिंग आणि लेथवर कातलेला पितळी व्हॉल्व्ह. असे अकरा नळ बनले. चौथा त्यांनी माझ्या खोलीत लावून पाहिला. पहिल्याच दिवशी त्यानं मला लॅबला जायच्या साडीत नखशिखांत भिजवलं. मी वरून जे काही बोलले ते गल्लीनं ऐकलं. काकाजी खालून म्हणाले, "स्प्रिंग कडक झाली वाट्टे."

एकदा त्यांनी जाळी आणि नळ, दोन्ही एका डब्यात घालून नळ बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला पाठवले. तीन पानी पत्र मी लिहून दिलं होतं. महिन्यानं उत्तर आलं. एक कॅलेंडर. त्यावर टबात बसलेली एक गोरीगोमटी बाई. काकूंनी ते मुद्दाम स्वयंपाकघरात टांगलं. "पाहा ना जी," त्या म्हणायच्या, "हिच्या टबातलं पानी जाते का नाही ते इचारा त्याईले."

पण एक गोष्ट मला कधी उमगली नव्हती. काकूंच्या न्हाणीत ती फुगीर जाळी होती. अकरावा नळही होता, लोण्यासारखा चालायचा. तरी तिथं पाणी साचायचं. फार नाही, करंगळीच्या नखाएवढं, पण सगळीकडे. दुपारपर्यंत फरशी ओली. काकाजी दर आठवड्याला जाळी काढायचे, नवी बसवायचे, स्टॉपवॉच दाबायचे आणि मान हलवायचे. फट वाढवायचे, कमी करायचे. मला वाटायचं, एवढा हुशार माणूस, याला स्वतःच्या घरचं का जमू नये?

ते माझ्या बाबांनी सांगितलं.

माझे बाबा अड्याळला गवंडीकाम करतात. धान निघाला की मला तांदूळ घेऊन येतात. त्या खेपेला आले तेव्हा संध्याकाळचे चार वाजले होते. पिशवी ठेवली आणि हातपाय धुवायला अंगणातल्या नळाकडे वळले. दुसऱ्याच्या घरी गेलं की बाहेरच्या नळाकडे वळायचं, ही त्यांची जन्माची सवय.

"तिकडं कुठं चालले जी?" काकू आतून म्हणाल्या. "न्हानी इकडं हाय."

बाबा बिचकत आत गेले. काकाजी टॉवेल घेऊन दाराशी उभे. पायावर पाणी घालून झालं आणि बाबा थांबले. खाली बघत राहिले. मग तांब्या भरून त्यांनी बरोब्बर न्हाणीच्या मधोमध ओतला आणि उकिडवे बसले. पाणी पसरलं आणि बसून राहिलं. जाळीकडे नाही, दाराकडे नाही, कुठेच गेलं नाही.

"बाप्पा!" बाबा मोठ्यानं म्हणाले. कारागिराला दुसऱ्याचं बिघडलेलं काम दिसलं की त्याला भान राहत नाही. "कोन्या भैताडानं बसवली जी हे फरशी?"

मला वाटलं, धरणी दुभंगावी आणि मला पोटात घ्यावं. काकाजींचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी टॉवेल नीट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि बाहेर अंगणात जाऊन बेसिनांकडे तोंड करून उभे राहिले. बाबा माझ्याकडे बघायला लागले, "काय चुकलं वो माह्यं?"

आणि पलंगावर बसलेल्या काकू हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून, अंग गदगदा हलवून हसत होत्या.

"तुमचं नाही चुकलं, मिस्त्री," त्या म्हणाल्या. "त्या भैताडाशी माह्यं लगन झालं हाय."

मग त्यांनी हळू आवाजात मला सगळं सांगितलं. घर बांधत होते तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, न्हाणीला जाळीकडे ढाळ द्यावा लागतो, थोडा उतार. काकाजी म्हणाले, माझ्या घरात वाकडं काही चालणार नाही. तीनदा फरशी उखडून लावायला लावली. पोटावर झोपून, एक डोळा मिटून, प्रत्येक फरशीवर पाणसळ ठेवून बघितली. बुडबुडा अगदी मधोमध. मिस्त्री कपाळावर हात मारून गेला. काकाजींनी गल्लीतल्या लोकांना बोलावून ती फरशी दाखवली होती. वर्षानुवर्षं पाणी साचत राहिलं, आणि एक दिवस साबणाच्या पाण्यात काकू पडल्या.

"पण तुम्ही तर चप्पल सटकली म्हणता!"

"न्हानीत कोन चप्पल घालते वो, बाई?"

मला राग आला. खरंच सांगते, दोघांचाही आला. "काकू, चार वर्षं झाली! चार वर्षं तुम्ही दुसरीच्या हातानं आंग धुऊन घेतलं. एक दिवस म्हणायचं ना, फरशी फोडा म्हणून!"

"म्हनता येते का?" काकू म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "ते चार वर्सापासून जाळ्या बनवून राहिले. नळ बनवून राहिले. फरशीकडं पाहून नाही राहिले. काहून नाही पाहत, ते का मले कळत नाही? माह्यं एक हाड मोडलं. मी तोंडानं म्हनलं असतं, तर तो मानूस साराच मोडला असता. त्यानं आपनच म्हनावं म्हनून मी वाट पाहून राहिली."

त्या संध्याकाळी काकाजी जेवले नाहीत. बाबांनीही दोन घास खाल्ले न खाल्ले. मला म्हणाले, "मी सकायच्या पह्यल्या गाडीनं जातो बापा." माझाही जीव टांगणीला लागला होता. हे घर सोडावं लागलं तर पुन्हा ते पुतणे, आणि तेही सोडा, या दोन म्हाताऱ्यांचं काय होईल?

सकाळी बाबा थैली घेऊन जिना उतरले. मी मागे. खाली काकाजी उभे होते. दाढी केलेली, अंगात चक्क शर्ट. हातात पाणसळ.

"फुटाले किती द्याचा ढाळ?" त्यांनी बाबांना विचारलं.

"दोन सूत," बाबा म्हणाले. दोन सूत म्हणजे पाव इंच.

"त्या मिस्त्रीनं बी दोन सूतच सांगतलं होतं." काकाजी बोलत होते बाबांशी, पण तोंड आतल्या खोलीकडे होतं. तिथं काकू पलंगावर बसल्या होत्या. "मीच नाही म्हनलं. तीन खेप उखडाले लावली. लेवल पाह्यली. केसभर फरक नव्हता." ते दाराकडे एक पाऊल सरकले. "तू चपलेनं नाही पडली वो. माह्या लेवलनं पडली."

"मले मालूम हाय," काकू म्हणाल्या.

"कवापासून?"

"पडली तवापासून. पडल्या पडल्या पाह्यलं ना, चारी बाजूनं पानी, आन कुठंच जाऊन नाही राहिलं."

काकाजींनी चौकट धरली. मी रडत होते, लपवत नाही. बाबा थैलीचा बंद बोटाला गुंडाळत होते. शेवटी काकूच म्हणाल्या, "आता त्या मिस्त्रीले चहा तं इचारा. मघापासून थैली धरून उभे हायत."

बाबा तीन दिवस राहिले. छन्नी-हातोडा घेऊन त्यांनी ती फरशी फोडली आणि काकाजींनी हेल्परचं काम केलं. घमेल्यात माल कालवायचा, वाहायचा. पण तोंड कुठं गप्प बसतं? दोन सूत म्हणजे सहा पॉइंट पस्तीस मिलिमीटर होतात, असा हिशेब त्यांनी पेन्सिलीनं भिंतीवर मांडला. बाबा म्हणाले, "आमच्या अड्याळात पॉइंट येत नाही जी. पानी येते." दर दोन फरशांनी ते तांब्याभर पाणी सोडायचे आणि ते जाळीकडे धावताना बघायचे. काकाजी शेजारी उकिडवे बसून बघायचे. एकदा सवयीनं त्यांनी पाणसळ ठेवली आणि बुडबुडा एका बाजूला पळाला. त्यांचा हात आपोआप फरशी ठोकायला उठला.

बाबांनी हात धरला. "राहू द्या जी. इथं बुडबुडा सरकला पाहिजे. तो जागेवर राहिला का मानूस सरकते."

काकाजींनी पाणसळ खिशात घातली. मग मधे ती फुगीर जाळी बसवली. बाबांनी ती हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली, कडीत बोट घालून उचलली, आणि म्हणाले, "हे कुठून आनली? अशी जाळी मी जन्मात नाही पाह्यली." काकाजी लाजले. एवढा लाजलेला म्हातारा मी दुसरा बघितला नाही. जाळी पहिल्यापासून चांगलीच होती हो. पाणीच तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

माल पक्का व्हायला आठ दिवस ठेवले. काकाजी दिवसातून तीनदा फरशीवर पाणी मारायचे आणि ते जाताना बघत उभे राहायचे. त्या आठ दिवसांत अंगणातल्या सात बेसिनांकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही.

नवव्या दिवशी रविवार होता. मी केसांची पुडी घेऊन खाली आले. आंग धुऊन द्यायला येणारी बाई आली तर काकूंनी तिला ओट्यावर बसवून चहा दिला. मग वॉकर टेकत, एकेक पाऊल टाकत त्या न्हाणीच्या दाराशी गेल्या. काकाजी मागे मागे. काकूंनी आत स्टुलाकडे बघितलं, फरशीकडे बघितलं. पाय थरथरत होते, मला दिसत होते. मग त्या आत गेल्या आणि दार लागलं.

आतून कडीचा आवाज आला.

काकाजी बाहेर खुर्चीवर बसले. छातीवर स्टॉपवॉच लटकत होतं. नळ दाबल्याचा आवाज, मग पाणी, मग बंद. पुन्हा पाणी. पाणी खाली जाताना जाळीचा होणारा घुर्रर आवाज. पाच मिनिटं गेली, दहा गेली. वीस झाली तसे काकाजी खुर्चीत चुळबुळ करायला लागले. पंचवीस मिनिटांनी ते उठले आणि दारावर टकटक केली.

"काय झालं वो? ठीक हाय ना?"

"काय होईन?" आतून काकूंचा आवाज आला. खणखणीत, रागीट, पाण्याच्या आवाजाच्याही वर. "आंग धुऊन राहिली मी! चार वर्साचं हाय, येळ लागनारच!"

काकाजी परत खुर्चीवर येऊन बसले. त्यांनी बनियनच्या बाहीनं एक डोळा पुसला, मग दुसरा.

"सिमेंट गेलं डोळ्यात," ते म्हणाले.

फरशी बसवून नऊ दिवस झाले होते.

"जाते कधी कधी," मी म्हटलं, आणि केसांची पुडी त्यांच्या हातात दिली.